कामेहामेहा, व्हाया रांजणगाव

चोवीस लढवय्ये, तिघांचा एक संघ, सात नारिंगी गोळे आणि इच्छा पुरवणारा एक हिरवा ड्रॅगन. एवढ्या भांडवलावर ‘ड्रॅगन बॉल फायटरझेड’ हा मारामारीचा गेम उभा राहिला आणि २०२३ पर्यंत त्याच्या तब्बल १ कोटी प्रती खपल्या. बनवला योकोहामाच्या आर्क सिस्टिम वर्क्सनं, बाजारात आणला बंदाई नामकोनं. ज्या देशाची ही गोष्ट, त्या देशालाच तो उशिरा मिळाला: जपानबाहेर २६ जानेवारी २०१८, खुद्द जपानमध्ये १ फेब्रुवारी.

शिरूर-दौंडकडच्या, आज तिशीत असलेल्या मंडळींना यातली पात्रं नवी नाहीत. कार्टून नेटवर्कवर ‘ड्रॅगन बॉल झी’ हिंदीतून लागायचं तेव्हा दप्तर कोपऱ्यात टाकून टीव्हीपुढे बसणारी पिढी हीच. पण घोडनदीच्या काठी किंवा दौंड जंक्शनच्या आसपास वाढलेल्या पोराला एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. ‘ड्रॅगन बॉल’चा नायक गोकू, त्याच्याशी आपलं नातं टीव्हीच्या कितीतरी आधीचं आहे. जवळजवळ तेराशे वर्षं आधीचं.

गोकूचा गुरू महाराष्ट्रात येऊन गेला होता

आकिरा तोरियामा यांनी १९८४ मध्ये ‘वीकली शोनेन जंप’ या साप्ताहिकात ‘ड्रॅगन बॉल’ काढायला घेतलं, तेव्हा त्यांनी सांगाडा उचलला तो ‘पश्चिमेची यात्रा’ या सोळाव्या शतकातल्या चिनी कादंबरीचा. तिचा नायक सुन वुकोंग नावाचा उपद्व्यापी वानर. छोट्या गोकूची शेपटी, त्याची हवी तेवढी लांबणारी काठी, बसून उडायचा पिवळा ढग, सगळं त्या वानराकडून आलेलं. कादंबरीतला खादाड डुक्कर इकडे ऊलाँग झाला. आणि ज्या भिक्खूला सांभाळत हा वानर भारताकडे निघतो, त्या भिक्खूची जागा तोरियामांनी बुल्माला दिली.

तो भिक्खू मात्र कल्पनेतला नाही. आपल्या शाळेच्या इतिहासात भेटणारा युआन श्वांग तो हाच. इसवी सन ६४१ च्या सुमारास तो महाराष्ट्रात आला, त्या वेळी इथे बदामीच्या चालुक्यांचा, म्हणजे दुसऱ्या पुलकेशीचा अंमल होता. उत्तरेतल्या हर्षवर्धनाला ज्यानं नर्मदेपाशी अडवलं, तो हा राजा. युआन श्वांगनं इथल्या लोकांबद्दल जे लिहून ठेवलंय ते वाचताना ड्रॅगन बॉलचा चाहता उडालाच पाहिजे.

तो सांगतो, ही माणसं मानी आहेत. उपकाराला जागतात, अपमान विसरत नाहीत. सूड घ्यायचा असेल तर आधी शत्रूला तसं कळवतात, दोघंही हत्यार घेतात आणि मगच लढाई सुरू होते. पळणाऱ्याच्या मागे लागतात, पण शरण आलेल्याला मारत नाहीत.

आता गोकू आणि खलनायक फ्रीझा यांची लढाई आठवा. फ्रीझा आपली सगळी ताकद एकवटत राहतो आणि गोकू त्याला ती एकवटू देतो, कारण गोकूला समोरचा गडी पूर्ण ताकदीतच हवा असतो. पिकोलोला त्यानं सोडलं, व्हेजिटाला सोडलं, फ्रीझाला तर स्वतःची ताकद देऊन जगायची संधी दिली. ‘आधी सांग, मग लढ, शरण आला तर हात आवर’ हा सगळा मामला युआन श्वांगनं इथे पाहिला होता.

आणखी पुढे. राजाच्या पदरी काहीशे निवडक लढवय्ये आहेत, ते लढाईआधी मद्य पितात आणि मग एकेक जण भाला घेऊन हजारोंना आव्हान देतो, असंही तो नोंदवतो. हत्तींनासुद्धा मद्य पाजतात म्हणे, मग त्या कळपापुढे शत्रूची फळी टिकत नाही. इकडे पहिल्याच मोठ्या स्पर्धेत गोकूला लढाई शिकवणारा म्हातारा मास्टर रोशी ‘जॅकी चुन’ हे नाव घेऊन उतरतो आणि गोकूवर झिंगलेल्या माणसाची कुस्ती आजमावतो! तोरियामांनी ती जॅकी चॅनच्या १९७८ सालच्या चित्रपटावरून घेतली, पुलकेशीच्या दरबारातून नाही. त्यांनी युआन श्वांगचं प्रवासवर्णन वाचलं होतं असं मी म्हणत नाही. पण ज्या यात्रेतून ही अख्खी गोष्ट जन्मली, तिची पावलं आपल्या मातीत उमटलेली आहेत, एवढं नक्की.

आणि वानर? १९२०च्या दशकात हू शि या चिनी विद्वानानं मांडलं की सुन वुकोंगचं मूळ आपल्या हनुमानात आहे. लू शुन यांना ते पटलं नाही, त्यांनी एका जुन्या चिनी जलदैत्याकडे बोट दाखवलं. शंभर वर्षं झाली, वाद मिटलेला नाही. मला स्वतःला हू शि यांची बाजू जवळची वाटते. तालमीत शिरताना आधी मारुतीला हात जोडणाऱ्या मुलुखात दुसरं काय वाटणार!

एक गणपती इकडे, एक पलीकडे

भीमेच्या उत्तरेला शिरूर, दक्षिणेला दौंड. या पट्ट्याला लागून दोन अष्टविनायक आहेत आणि दोघांच्याही कथा अडकून पडलेल्या लढाईच्या आहेत.

पहिला शिरूर तालुक्यातला रांजणगावचा महागणपती. त्रिपुरासुर हाताबाहेर गेला, खुद्द शंकर त्याच्याशी लढायला उतरले आणि तरी तो आवरेना. मग ध्यानात आलं की लढाईआधी गणेशाचं स्मरण राहून गेलंय. ते केलं, आणि मग त्रिपुरासुर पडला. दुसरा सिद्धटेकचा सिद्धिविनायक. तो कर्जत तालुक्यात, म्हणजे अहिल्यानगर (पूर्वीच्या नगर) जिल्ह्यात येतो, पण वाट दौंडवरून. शिरापूरला भीमा ओलांडली की देऊळ. आता पूल आहे, पूर्वी होडीनं जावं लागे. तिथली कथा विष्णूंची. मधु आणि कैटभ या दोन दैत्यांशी ते लढत राहिले, निकाल लागेना. गणेशाची आराधना करून सिद्धी मिळवल्यावरच दैत्यांचा वध झाला. अष्टविनायकांत उजव्या सोंडेचा गणपती हा एकटाच.

ताकद आहे, पण लढाई अडलीय. थांबायचं, कुणाकडे तरी मागायचं आणि मगच पुढचा घाव. ड्रॅगन बॉलचा प्रत्येक मोठा शेवट याच वळणानं जातो. बू या दैत्याला संपवायला गोकूला साऱ्या पृथ्वीची ऊर्जा हवी असते, सगळ्यांनी आकाशाकडे हात उंचावायचे असतात. लोक गोकूचं ऐकत नाहीत, व्हेजिटाचं तर मुळीच नाही. ऐकतात ते मिस्टर सेतानचं, ज्याच्याकडे ताकद अशी काहीच नाही, फक्त लोकांचं प्रेम आहे. लहानपणी या प्रसंगाला अंगावर काटा आला नाही असा चाहता मला अजून भेटायचाय.

गेममध्ये हेच मागणं सात गोळ्यांच्या रूपानं येतं. मोठमोठे कॉम्बो, म्हणजे सलग फटक्यांच्या साखळ्या, लावत गेलात की एकेक गोळा जमा होतो. सातही जमले, ऊर्जेचे सातही कप्पे भरले आणि मग ठरावीक कॉम्बो पूर्ण केला की आकाश काळवंडतं आणि तो हिरवा ड्रॅगन, शेनरॉन, प्रकटतो. चार इच्छांपैकी एक मागायची: तब्येत पूर्ववत कर, पडलेल्या साथीदाराला उठव, अफाट ताकद दे किंवा मला अमर कर. अटीतटीच्या सामन्यात हे क्वचितच जमतं. जमतं तेव्हा खोलीतला आवाज बाहेर रस्त्यावर ऐकू जातो.

गिन्यूशी खेळताना खिसा सांभाळा

पात्रांच्या खोड्या हा या गेमचा जीव आहे. बनवणाऱ्यांनी मूळ गोष्ट किती प्रेमानं वाचलीय ते इथे कळतं.

कॅप्टन गिन्यू मूळ कथेत समोरच्याशी शरीर बदलतो. गेममध्येही! हल्ला लागला की तुमचा गडी त्याच्या ताब्यात जातो आणि तुमच्या हातात उरतो गिन्यू. अख्खा सामना जपून आणलेला भरल्या तब्येतीचा गडी एका क्षणात पलीकडचा होतो.

नापा जमिनीत बी लावतो. खरंच लावतो. काही क्षणांनी तिथून हिरवा साइबामन उगवतो आणि समोरच्यावर झेप घेतो. चांगला खेळाडू आधी पेरणी करून ठेवतो, मग लढाईला लागतो.

क्रिलिनच्या कनवटीला सेन्झू बिया असतात. खाल्ली की जखमा भरतात, म्हणून तो ती साथीदाराकडे फेकतो. साठा मोजका आहे. संपला की हाती येतात नुसते दगड, तेही तो फेकतो.

तिएनसाठी च्याओत्झू स्वतःला उडवून घेतो. हे एका सामन्यात एकदाच करता येतं, आणि त्यानंतर उरलेल्या सामन्यात च्याओत्झू मदतीला येत नाही. गोष्टीत तो प्रसंग पाहून रडलेल्या माणसाला ते बटण दाबवत नाही.

आणि ठरावीक मैदान, ठरावीक जोडी, शेवटचा घाव ठरावीक पद्धतीनं बसला, तर गेम मूळ मालिकेतला प्रसंग उलगडून दाखवतो. उद्ध्वस्त नामेक ग्रहावर गोकू आणि फ्रीझा. सेलसमोर किशोरवयीन गोहान, आणि त्याच्या पाठीशी गेलेल्या बापाची सावली, दोघांचा मिळून एक कामेहामेहा, म्हणजे हातांतून सुटणारा ऊर्जेचा झोत. या कामेहामेहाची एक घरगुती बाजूही आहे: नाव सुचवलं तोरियामांच्या पत्नीनं, आणि हातांची ढब तोरियामांनी स्वतः वेगवेगळ्या पोझ घेऊन पाहत ठरवली.

हरणारा नायक

‘ड्रॅगन बॉल’ सुरुवातीला लढाईची गोष्ट नव्हती, भटकंतीची होती. वाचकांच्या कौलात ती घसरू लागली तेव्हा तोरियामा आणि संपादक काझुहिको तोरिशिमा यांनी तेनकाइची बुदोकाइ ही स्पर्धा आणली आणि मालिकेनं उसळी घेतली. यात्रेतल्या फडात पाठ टेकली की निकाल लागतो, तसा इथे चौथऱ्याबाहेर जमिनीला टेकलात की संपलं. गोकू पहिला अंतिम सामना हरला, दुसराही हरला. दुसरा तर अगदी थोडक्यात: तो आणि तिएन दोघंही आकाशातून खाली येत होते, मध्येच गोकू एका गाडीवर आदळला आणि त्याचं अंग आधी जमिनीला लागलं. विजेतेपदासाठी त्याला तिसऱ्या स्पर्धेपर्यंत थांबावं लागलं. मला वाटतं, या पात्रावर चार दशकं लोकांचा जीव आहे त्यात या दोन पराभवांचा वाटा मोठा आहे.

संपादकांचे किस्से वेगळ्याच पुस्तकाचा विषय आहेत. तोरियामांनी खलनायक म्हणून दोन यंत्रमानव आणले, एक म्हातारा आणि एक गोलमटोल. तोरिशिमा तोवर मालिकेचे संपादकही राहिले नव्हते, तरी त्यांनी फोन करून नापसंती कळवली. म्हणून १७ आणि १८ क्रमांकाचे आले. तेही पोरसवदा वाटले. म्हणून सेल आला. सेलचं दुसरं रूप तेव्हाच्या संपादकांना रुचेना, म्हणून तो घाईघाईनं ‘परफेक्ट’ झाला. नाकं मुरडली गेली नसती तर आज गेममध्ये काही गडी नसतेच.

सुपर सायान या गोकूच्या बलाढ्य रूपाचे सोनेरी केस कुठून आले? काळ्या केसांत शाई भरण्यात सहायकाचा फार वेळ जायचा. केस पिवळे म्हणजे कागदावर कोरे. वेळ वाचला आणि जगभर ओळखीची झालेली केशरचना तयार झाली.

पडदा शिरूर तालुक्यातला

आता थोडं तंत्राकडे, कारण इथे आपला तालुका थेट येतो. रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत एलजीचा कारखाना आहे, भारतातल्या त्यांच्या दोन कारखान्यांपैकी एक, दुसरा नोएडाला. तिथे टीव्ही बनतात. म्हणजे देशातल्या कुठल्याशा घरात गोकू ज्या पडद्यावर उडतोय, तो पडदा महागणपतीच्या शेजारून गेलेला असू शकतो.

त्या पडद्यावर जे दिसतं ते फसवं आहे, आणि फार सुंदर फसवं आहे. फायटरझेड पाहताना कुणीही शपथेवर सांगेल की ही हातानं काढलेली चित्रं आहेत. ती नाहीत. प्रत्येक पात्र संगणकातलं त्रिमितीय शिल्प आहे. आर्क सिस्टिम वर्क्सनं ही युक्ती आधी २०१४ च्या ‘गिल्टी गिअर एक्सआरडी’ या आपल्या गेममध्ये पक्की केली. संगणकाला मोकळं सोडलं तर तो दोन पोझमधली हालचाल आपोआप गुळगुळीत करतो. यांनी ते बंद केलं. एक पोझ हातानं लावायची, काही फ्रेम तशीच रोखायची, मग पुढची पोझ. टीव्हीवरच्या ॲनिमेची चाल अशीच किंचित तुटक असते, आणि आपल्या डोळ्याला तीच ओळखीची. प्रत्येक पात्राला स्वतःचा वेगळा दिवा, म्हणजे सावली चित्रकाराला हवी तिथेच पडणार. ठोसा जवळ आला की हात मुद्दाम मोठा करायचा, चेहरा वाकवायचा. संगणकाला चूक करायला शिकवण्याचा हा उद्योग आहे, आणि तो करणाऱ्यांच्या चिकाटीपुढे हात जोडावेत.

टीव्हीवर खेळणाऱ्यांसाठी एक कामाची गोष्ट. सेटिंगमध्ये ‘गेम मोड’ असतो, तो चालू करा. चित्र चकचकीत करण्यासाठी टीव्ही आतल्या आत बरीच प्रक्रिया करतो आणि त्यात बटण दाबणं आणि ठोसा दिसणं यांत अंतर पडतं. गेम मोड ती प्रक्रिया कमी करतो. हरण्याचं खापर बोटांवर फोडण्याआधी एवढं करून पाहा.

दोन फ्रेमचा प्रवास

या गेममध्ये एक सेकंद साठ फ्रेममध्ये चिरलेला असतो. एक फ्रेम म्हणजे सुमारे १६.७ मिलिसेकंद. चांगला खेळाडू फ्रेममध्येच बोलतो: हा ठोसा इतक्या फ्रेमचा, तो अडवल्यावर मी इतक्या फ्रेमनं मागे.

समजा, शिरूरचा एक गडी ऑनलाइन गेला आणि समोर योकोहामाचा आला. सरळ रेषेत अंतर साडेसहा हजार किलोमीटरच्या आसपास. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. म्हणजे केबल अगदी सरळ आहे असं धरलं तरी शिरूरचा ठोसा तिकडे पोचायला सुमारे ३३ मिलिसेकंद, दोन फ्रेम. खऱ्या केबल समुद्रातून वळसे घेत जातात, मधली यंत्रंही वेळ खातात, त्यामुळे प्रत्यक्षात कितीतरी जास्त. कुठल्याही कंपनीचं कुठलंही महागडं कनेक्शन घेतलं तरी प्रकाशाचा वेग वाढत नाही.

यावर तोड काढली टोनी कॅनन यांनी. ‘इव्हो’ ही जगातली सर्वांत गाजलेली फायटिंग गेम स्पर्धा उभी करणाऱ्यांपैकी ते एक. त्यांच्या पद्धतीला रोलबॅक म्हणतात. समोरच्याचं बटण येईपर्यंत गेम थांबत नाही, अंदाज करतो: मागच्या फ्रेममध्ये त्यानं जे धरून ठेवलं होतं तेच अजून धरलेलं असेल. बहुतेक वेळा अंदाज बरोबर निघतो, कारण माणसाची बोटं सेकंदाच्या साठाव्या भागात फारशी हलत नाहीत. चुकला तर गेम काही फ्रेम मागे जातो, खरं बटण घालून सगळं पुन्हा मांडतो आणि पुढे येतो. हे इतक्या झटपट होतं की डोळ्याला फार तर एखादी उडी जाणवते. फायटरझेडमध्ये रोलबॅक यायला २०२४ उजाडलं, गेम आल्यानंतर सहा वर्षांनी. दूरच्या गावांतल्या खेळाडूंसाठी ही सुधारणा चार नव्या पात्रांपेक्षा मोलाची होती, असं माझं ठाम मत आहे.

मोबाइलवर खेळणाऱ्यांसाठी २०१८ मध्येच ‘ड्रॅगन बॉल लेजेंड्स’ आला. त्यात जगभरच्या खेळाडूंच्या लढती एकाच वेळी जुळवण्यासाठी गुगलची क्लाउड यंत्रणा मागे उभी केली गेली. बटणं नाहीत, बोटानं टिचकी मारायची आणि पत्ते निवडायचे. दौंड-पुणे गाडीत उभ्यानं खेळायला तो सोयीचा, कारण एक हात दांडीला लागतो.

डोक्यावर आमटी

ॲनिमेवरून मारामारीचा गेम ही कल्पना ड्रॅगन बॉलची नाही. १९८५ च्या नोव्हेंबरमध्ये बंदाईनं ‘किन्निकुमान’ या कुस्तीच्या मालिकेवरून फॅमिकॉम यंत्रासाठी गेम काढला, त्या यंत्रासाठीचा बंदाईचा हा पहिलाच. त्याच किन्निकुमानच्या मूळ कथेत भारताचा एक मल्ल आहे, करी कुक. त्याच्या डोक्यावर कायम आमटी-भाताची थाळी असते. गेममध्ये त्याला जागा मिळाली नाही. देशाची ओळख म्हणून आमटी चालेल, पण एवढ्या मोठ्या पैलवानी परंपरेच्या देशातून एक धड मल्ल निवडता आला असता असं मनापासून वाटतं.

ड्रॅगन बॉलची बारी आली १९९३ मध्ये, ‘सुपर बुतोदेन’ घेऊन. दोन लढवय्ये आकाशात फार दूर गेले की पडदा मधोमध दुभंगायचा आणि दोघं आपापल्या अर्ध्या भागात दिसायचे. त्या काळात ही करामत होती. २०२४ च्या ‘स्पार्किंग झीरो’मध्ये आकडा पोचला १८२ पात्रांवर, आणि पहिल्या चोवीस तासांत ३० लाख प्रती गेल्या. तो पाहायला तोरियामा नव्हते. त्याच वर्षी १ मार्चला, ६८ व्या वर्षी ते गेले.

एक आवाज, साडेपाच गडी

गोकूला जपानी आवाज देतात मासाको नोझावा. जन्म १९३६ चा. १९८६ मध्ये टीव्हीवर मालिका सुरू झाली तेव्हापासून त्याच. फायटरझेड आला तेव्हा त्या ८१ वर्षांच्या होत्या आणि गेममध्ये सोनेरी गोकू, निळा गोकू, गोकू ब्लॅक, किशोर गोहान, मोठा गोहान हे सगळे त्यांच्याच गळ्यातून ओरडतात. गोटेंक्सचा अर्धा आवाजही त्यांचाच, अर्धा ताकेशी कुसाओंचा. म्हणजे तुम्ही संघ नीट निवडलात तर सहाच्या सहा गडी एकमेकांवर धावून जातात आणि पडद्यामागे मुख्यतः एक आजी किंचाळत असतात. जपानी आवाज लावूनच खेळा, ही माझी आग्रहाची विनंती.

बाजू बदलली आणि सामना फिरला

ऑगस्ट २०१८, लास वेगास, इव्हो. गेम येऊन जेमतेम सहा महिने झालेले, आणि त्या वर्षी सर्वांत जास्त नोंदणी याच गेमला, अडीच हजारांहून अधिक खेळाडू. अंतिम लढत अमेरिकेच्या सोनिकफॉक्स आणि जपानच्या गो१ यांच्यात. सोनिकफॉक्स म्हटलं की निळा-पांढरा कोल्ह्याचा पोशाख आणि त्याचे कान आलेच. गो१ आधी एक लढत हरून इथवर आला होता; पहिला संच घेऊन त्यानं हिशेब बरोबरीत आणला. आता एकच संच उरला. तेवढ्यात सोनिकफॉक्सनं बाजू बदलून मागितली, डावीकडचा उजवीकडे, उजवीकडचा डावीकडे. नियमात बसणारी मागणी, पण त्या क्षणी आली म्हणून पुढे कितीतरी दिवस चर्चा झाली. बाजू बदलताच प्रत्येक कॉम्बोची दिशा उलटते, सरावलेल्या अंगठ्याला वेगळी वाट पकडावी लागते. शेवटचा संच आणि विजेतेपद सोनिकफॉक्सनं घेतलं. पुढच्या वर्षी पुन्हा हेच दोघं अंतिम फेरीत समोरासमोर आले, आणि २०१९ चा किताब गो१ घेऊन गेला.

हे वेड गेमपुरतं नव्हतं. मार्च २०१८ मध्ये मेक्सिकोत तर शहराच्या चौकांत मोठे पडदे लावून ‘ड्रॅगन बॉल सुपर’ या मालिकेचे शेवटचे भाग हजारो लोकांनी एकत्र पाहिले. मालिका बनवणाऱ्या तोएई कंपनीनं परवानगी नसल्याचं कळवलं, तरी गर्दी झालीच.

आज सुरुवात करायची तर

एकच बटण पुन्हा पुन्हा दाबत राहा, गेम स्वतःच एक छोटा कॉम्बो जुळवून देतो. नवख्यासाठी ती सोय मुद्दाम ठेवलीय, तिची लाज बाळगू नका. सुपर डॅश शिका, त्यानं तुमचा गडी समोरच्याचा माग काढत थेट उडत जातो. पण सारखा वापराल तर पलीकडचा वाटच पाहत बसेल आणि हवेतच खाली आपटेल. त्याहून आधी अडवायला शिका: या गेममध्ये एकदा मार लागायला लागला की तो लवकर थांबत नाही. संघात पहिला गडी आवडीचा घ्या, दुसरा असा घ्या जो हाक मारल्यावर लांबून ऊर्जेचा झोत सोडतो. तिसऱ्या जागेवर क्रिलिन ठेवा. बिया लागतात.